तात्यांचा तळवा आणि खरवईचा आरोग्यपथ

आमच्या गल्लीतली माणसं काश्मीरला जातात. ज्यांची मुलं परदेशात आहेत ती तिकडे जाऊन तिथल्या स्वच्छ रस्त्यांचे फोटो पाठवतात. मी या फेब्रुवारीत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर असा दौरा करून आले. परत आल्यावर शेजारणींनी विचारलं, काय काय बघितलंत? मी म्हटलं, पाय. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण खरंच मी तिथे लोकांचे पायच बघत होते, आणि त्यांतला एक पाय अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ज्यांना त्या बाजूला जायचा योग नाही त्यांच्यासाठी हे लिहून ठेवते.

माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, लग्न होऊन अंबरनाथला गेली. तिचे यजमान तिथल्या एका रसायनांच्या कारखान्यात फोरमन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी बदलापूरच्या कडेला, खरवईत, नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. मी त्यांना दाजी म्हणते, पण सगळी सोसायटी त्यांना तात्या म्हणते, तेव्हा लिहिताना मीही तात्याच म्हणेन. त्यांची एकुलती एक मुलगी रूपाली. ती फिजिओथेरपी शिकली, मग दक्षिणेत कुठेतरी जाऊन पायांच्या आजारांचं वेगळं शिक्षण घेऊन आली आणि अंबरनाथला तिनं फक्त पायांचा दवाखाना काढला. पोडियाट्री म्हणतात त्याला. तात्या म्हणतात, "एवढी शिकवली, आता लोकांची नखं कापते."

तात्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. सोसायटीनं मोठा कार्यक्रम ठरवला होता आणि मी आधीच यावं असं ताईचं फर्मान सुटलं होतं. मी मिरजेची. मिरजेच्या माणसाला दवाखान्यांचं नवल नसतं, उलट थोडा तोराच असतो. आम्ही डोळे, दात, किडन्या आणि गुडघे वेगवेगळ्या मजल्यांवर नेऊन दाखवतो. पाय हे त्या मजल्यांवर चढण्यासाठी असतात, एवढीच आमची समजूत.

उल्हासनगर, कॅम्प चार

रूपाली मला कल्याणला घ्यायला आली आणि घरी न नेता थेट उल्हासनगरला घेऊन गेली. तिला रोग्यांच्या चपलांसाठी मऊ रबराचे पत्रे हवे होते. इथे पत्ता सांगताना पेठ किंवा आळी सांगत नाहीत, कॅम्प सांगतात. खाली दुकान, मागे कारखाना, वर घर, आणि घराच्या वर पुन्हा कुणाचं तरी शिवणकाम. जगातली कुठलीही वस्तू इथे मिळते आणि ती कुठून आली हे विचारायचं नसतं.

आधी दाल पकवान खाल्लं. मैद्याची कडक तळलेली पुरी, तिच्यावर चण्याची डाळ, चिंचेची चटणी आणि कांदा. आमच्याकडे न्याहारीला पोहे खाऊनसुद्धा लोक पोट जड झालं म्हणतात. इथे शेजारच्या बाकावरचे सिंधी आजोबा तिसरं पकवान मोडत सुनेला फोनवर सांगत होते की डॉक्टरनी तेल बंद केलंय. मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. माझी साखर सीमेवर आहे असं मी सगळ्यांना सांगते. रूपाली म्हणते, मावशी, तू सीमा ओलांडून पलीकडे घर बांधलंस.

रबराच्या दुकानाशेजारी चपलांचं दुकान होतं. बाहेर पाटी, 'डायबेटिक डॉक्टर चप्पल'. मी थांबले. चप्पल हातात घेतली तर आतून सगळीकडे टोकदार गुठळ्या, मधे तांब्याच्या टिकल्या, आणि पट्ट्यावर जर्मन वाटेल असं काहीतरी छापलेलं.

"जर्मनीची आहे का?" मी विचारलं.

"डिझाइन जर्मनी का, माल अपना. कॅम्प फोर," दुकानदार अभिमानानं म्हणाला. पन्नाशीचा, गोरा, गळ्यात सोन्याची साखळी. "बसा ना दीदी. शुगर कितना है? ये घातली की खून का दौरा चालू. तांबा है, मॅग्नेट है, सब पॉइंट दबते हैं."

रूपाली मागून आली. तिनं चप्पल माझ्या हातातून काढून घेतली आणि गुठळ्यांवरून बोट फिरवलं. "शुगरच्या माणसाला टोचणारी चप्पल विकता? त्याला जखम झाली तर कळणार पण नाही."

"साईं, टोचतं तो ही तो फायदा," तो अजिबात न चिडता म्हणाला. "कस्टमरला वाटलं पाहिजे ना काहीतरी होतंय. ये देखो, सादी पण ठेवली आहे, एकदम मऊ, आपके जैसे डॉक्टर बोलतात तशी. बिकती नहीं. लोक विचारतात, यात डॉक्टर कुठे आहे?"

रूपालीनं त्याच्याकडच्या सगळ्या मऊ चपला दवाखान्यासाठी उचलल्या. त्याला इतकं आश्चर्य वाटलं की त्यानं आम्हाला थंड सोडा पाजला. मी मात्र गुठळ्यांची चप्पल एकदा पायात घालून बघितलीच आणि लगेच काढली. माणसाला बरं वाटायला आधी त्रास व्हावा लागतो, ही श्रद्धा मिरजेतही आहे. आमच्याकडे सुई न टोचणाऱ्या डॉक्टरला लोक डॉक्टर मानत नाहीत.

अंबरनाथ

दुसऱ्या दिवशी रूपालीचा दवाखाना बघायला गेले. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी, 'कृपया चपला घालूनच आत यावे'. आणि पाटीच्या बरोबर खाली चपलांचा ढीग.

"वाचता येत नाही का लोकांना?" मी विचारलं.

"येतं की. वाचतात, हसतात आणि काढतात. डॉक्टरच्या दारात चपला घालून कसं जायचं म्हणतात."

माझ्यासमोर एक गृहस्थ आले. चांगले शिकलेले, एका सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. पाटी वाचून विचारात पडले. शेवटी त्यांनी चपला काढल्या आणि हातात घेऊन आत आले. म्हणजे पाटीचाही मान आणि डॉक्टरचाही. "जय भीम मॅडम," म्हणून त्यांनी चपला मांडीवर ठेवल्या आणि मोजे काढायला दहा वेळा मागेपुढे पाहिलं. "लाज वाटते हो. पाय काय दाखवायची वस्तू आहे का?"

मला त्यांचं पटलं. विचार केला तर आपल्याकडे पायांची गंमतच आहे. देवाचे, गुरूचे, आईबापांचे आपण पायच धरतो. पत्रात चरणी लिहितो, फोटोत पावलं पुजतो. पण हे सगळं वरच्या बाजूचं. तळवा कुणाकडे झाला तर मोठी माणसं डोळे वटारतात. उभ्या आयुष्यात मी माझ्या आईचा तळवा पाहिलेला नाही.

रूपालीनं मला एका चौकोनी यंत्रावर उभं केलं. पडद्यावर माझ्या पावलांचा रंगीत नकाशा उमटला. जिथे जास्त भार तिथे लाल, कमी तिथे निळा. माझ्या टाचा लालभडक आणि चवड्याच्या मधोमध एक लाल ठिपका. मला वाटलं हा काही शुभसंकेत असेल. रूपाली म्हणाली, तिथे घट्टा होईल, घट्ट्याखाली जखम होईल, आणि तू घरात अनवाणी हिंडणं बंद कर. मग माझ्या टाचांच्या भेगांवरून तिनं मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिनं मला नव्या गोष्टी सांगितल्या. ती रोज परदेशातले शोधनिबंध वाचते. आता असे मोजे निघालेत की त्यांच्या धाग्यांत उष्णता मोजायची सोय असते. एक तळवा दुसऱ्यापेक्षा गरम झाला की आत काहीतरी बिघडतंय असं समजायचं, आणि तसा निरोप फोनवर येतो. तळव्यावरच्या दाबाप्रमाणे आतला थर बदलणाऱ्या चपला निघाल्यात. "आणि जखम भरायला सगळ्यात चांगलं काय?" मी विचारलं. मला वाटलं आता एखादं चकचकीत यंत्र निघेल.

"प्लास्टर," ती म्हणाली. "गुडघ्यापर्यंतचं, रोग्याला स्वतःहून काढता येणार नाही असं. जखमेवरचा भार काढला की ती भरते. काढता येणारा बूट दिला की लोक घरात काढून ठेवतात आणि दवाखान्यात येताना घालून येतात. म्हणून जगभरचे तज्ज्ञ सांगतात, न निघणारंच द्या."

जे ठरवायला एवढ्या विद्वानांना प्रयोग करावे लागले ते आमच्या ताईला लग्नाच्या पहिल्या वर्षीच ठाऊक झालं होतं. पुरुषमाणसाच्या अंगावर जी गोष्ट राहायला हवी ती बांधून ठेवावी लागते. तिनं तात्यांचा मफलर कोटालाच शिवून टाकला होता.

दुपारी जवळच्या गावातली एक म्हातारी आली. रात्री गार पडतं म्हणून पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन निजली आणि सकाळी तळव्याला लिंबाएवढा फोड. "मना काय पन दुखत नाय गो," ती मला कौतुकानं सांगत होती. "पोरी उगाच घाबरल्यान नि मना हितं आनली."

ती गेल्यावर रूपालीनं हात धुतले. "मावशी, रडत येणाऱ्यांचं मला काही वाटत नाही. दुखत नाही म्हणत येतात ना, त्यांची मला भीती वाटते. साखरेनं नसा मरतात, आणि आधी मरतात त्या सगळ्यात लांबच्या. म्हणजे पायाच्या. मग काटा रुतला, चटका बसला, तरी वर निरोपच येत नाही."

"दाजींना किती वर्षं झाली साखर होऊन?"

"मी शाळेत होते तेव्हापासून." तिनं हात पुसले. "आणि मी अजून त्यांचा तळवा पाहिलेला नाही. म्हणतात, पोरीसमोर तंगड्या वर करून बसू काय?"

खरवई

खरवईला पूर्वी भातशेती होती असं म्हणतात. आता उंच इमारती, त्यांना परदेशी बागांची नावं, आणि मधेच एखादं जुनं कौलारू घर हट्टानं उभं. हवा मात्र चांगली. डोंगर दिसतो. ताईनं केलेली ज्वारीची भाकरी आणि मेथीची पातळ भाजी खाऊन मी गॅलरीत बसले तेव्हा मला आपण सहलीला आलोय असं त्या दौऱ्यात पहिल्यांदा वाटलं.

गॅलरीतून सोसायटीची बाग दिसते आणि बागेत आहे तो आरोग्यपथ. एका माजी नगरसेवकांनी तो करून दिला. नागमोडी वाट, तिच्यात सिमेंटमध्ये उभे खडे रोवलेले. आधी बारीक, मग गोटे, शेवटी टोकदार. त्यावरून अनवाणी चालायचं म्हणजे मधुमेह, रक्तदाब, संधिवात, निद्रानाश आणि नैराश्य बरं होतं, असं बाजूच्या फलकावर लिहिलंय. फलकावर नगरसेवकांचा फोटो आहे. तो इतका मोठा आहे की रोगांची नावं कडेला दाटीवाटीनं बसवावी लागली.

सकाळी तात्या मला घेऊन गेले. उंच, ताठ, डोक्यावर पांढरे केस. वाटेत जो भेटेल तो वाकून पायाला हात लावत होता आणि तात्या प्रत्येकाच्या पाठीवर थाप मारत होते. कारखान्यात हेच तात्या लोखंडी टोकाचे बूट न घालणाऱ्या कामगाराला फाटकातून आत घेत नसत. त्यांच्या सुरक्षेच्या ढाली अजून दिवाणखान्यात आहेत. इथे त्यांनी चपला काढून नीट जोडून ठेवल्या आणि खड्यांवर चढले.

मीही चढले. बारीक खड्यांवरच माझ्या तोंडून "आई गं" निघालं. गोट्यांवर मी एका अनोळखी गृहस्थाचा हात धरला. सगळे हसले.

"हसू नका रे तिला," तात्या म्हणाले. ते टोकदार खड्यांवर उभे होते, हात मागे बांधून, बसस्टॉपवर उभं राहावं तसे. "सुरुवातीला मलाही असंच टोचायचं. डोळ्यांत पाणी यायचं. मग हळूहळू कमी झालं. आता काही नाही. गादीवर उभा आहे असं वाटतं." मग सगळ्यांकडे वळून, "याला म्हणतात फरक."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सेक्रेटरी म्हणाले, "तात्या म्हणजे आपल्या पथाचे ब्रँड अँबॅसिडर." एक बाई म्हणाल्या, "मला अजून टोचतं हो, माझी साधना कमी पडते." मी मात्र हसू शकले नाही.

रूपालीला सांगितलं तर तिला हे सगळं माहीत होतं. बापलेकीची यावरून भांडणं होऊन अबोला झाला होता. ती सेक्रेटरींकडेही जाऊन आली होती. ते म्हणाले, मॅडम, आम्ही तर सगळ्यांना तुमच्या पप्पांचंच उदाहरण देतो.

पाद्यपूजा

पंचाहत्तरीचा कार्यक्रम सोसायटीच्या सभागृहात झाला. तात्यांना सजवलेल्या खुर्चीवर बसवलं, अंगावर शाल, कपाळाला गंध. माजी नगरसेवक उशिरा आले आणि तात्यांचं वय सोडून इतर सगळ्या विषयांवर बोलले. आरोग्यपथाचा दुसरा टप्पा त्यांनी तिथेच जाहीर केला. त्यात काचेच्या गोट्या असणार आहेत.

मग पाद्यपूजा. आमच्या माहेरच्या बाजूला हा मान मुलगा किंवा जावई घेतो. इथे रूपालीच एकुलती, म्हणून तीच बसली. समोर तांब्याची परात, तात्यांची पावलं परातीत, ताई कोमट पाणी ओततेय आणि गुरुजी मंत्र म्हणतायत. सगळ्यांचे फोन वर. रूपालीनं रीतीप्रमाणे वरून पाणी सोडलं, हळद-कुंकू लावलं. मग तिचा हात पावलाखाली गेला. धंद्याची सवय, दुसरं काय.

तिचा हात थांबला. तिनं उजवं पाऊल घोट्याला धरलं, उचललं आणि उलटं केलं.

तात्यांची खुर्ची मागे कलली. दोघांनी ती सावरली. मी अगदी जवळ होते, मला नीट दिसलं. अंगठ्याच्या खाली, चवड्यावर, पिवळा जाड घट्टा आणि त्याच्या मधोमध काळं भोक. त्यातून ओल येत होती. परातीतल्या पाण्यात हळदीला लालसर कड आली होती. आणि वास. फुलं, अत्तर, उदबत्ती इतकं सगळं असून तो आला.

"काय करतेस? लोक बघतायत," तात्या दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू देत. हे कधीपासून आहे?"

"काय आहे? मला काही दुखत नाही."

गुरुजी मंत्र म्हणतच राहिले, कारण मधे थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं असतं. माजी नगरसेवक वाकून म्हणाले, "खडा लागला असेल, हळद दाबा, इथेच आहे." आणि खरंच कुणीतरी पूजेच्या ताटातली हळद चिमटीत घेऊन पुढे झालं. रूपालीनं तो हात असा झटकला की हळद नगरसेवकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाली. त्याबद्दल मला मनापासून आनंद झाला.

पण त्या दिवशी ती हरली. तात्यांनी पाऊल सोडवून घेतलं, उभे राहिले आणि त्याच पायानं चालत माइकपाशी जाऊन आभार मानले. फरशीवर ओली पावलं उमटली. एक स्वच्छ आणि एक नाही. नंतर लोक रांगेनं येऊन त्यांच्या पाया पडले. वरून. जेवणात श्रीखंड होतं, ते तात्यांनी दोनदा घेतलं.

घरी आल्यावर त्यांनी रूपालीला जे सांगितलं ते दार लावलेलं असूनही मला ऐकू आलं. सगळ्यांसमोर बापाची अब्रू काढलीस म्हणाले. ताई स्वयंपाकघरात परात घासत होती, घासून झालेली परात पुन्हा घासत होती.

चिखलोली

रूपालीनं परस्पर एका सर्जनची वेळ घेतली. त्यांचा दवाखाना चिखलोलीत. इथे रेल्वे स्टेशन होणार म्हणून इमारती आधीच होऊन बसल्यात. प्रत्येक इमारतीच्या जाहिरातीत 'स्टेशनपासून दोन मिनिटं' असं लिहिलेलं आहे, आणि माणसं गाडीऐवजी तूर्त रिक्षाची वाट बघत उभी असतात.

परक्या पुरुषाला तळवा दाखवायला तात्यांची हरकत नव्हती. ते टेबलावर आडवे झाले आणि सर्जननी पातं घेतलं. भूल नाही, इंजेक्शन नाही. ते घट्टा कापत होते आणि तात्या त्यांना कारखान्यातल्या बॉयलरची गोष्ट सांगत होते. कापता कापता आतून तुरीच्या दाण्याएवढा एक खडा निघाला. सर्जननी तो चिमट्यात धरून आम्हाला दाखवला. ताई भिंतीला टेकली. तात्या म्हणाले, "बघा, निघाला. आता भरेल." आणि बॉयलरची गोष्ट पुढे सुरू केली.

सर्जन स्पष्ट बोलले. पायाला रक्त नीट पोहोचतंय, हाडाला अजून लागण नाही, ही नशिबाची गोष्ट. औषधं घ्या, जखम स्वच्छ झाली की मॅडमकडून प्लास्टर घालून घ्या आणि ती भरेपर्यंत या चवड्यावर भार टाकू नका. नाहीतर आधी अंगठा जाईल, मग त्याच्या मागचं.

"दुखत नाही तर प्लास्टर कशाला?" तात्या रिक्षात म्हणाले. घरी म्हणाले. जेवताना म्हणाले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आयुष्यभर त्यांनी यंत्रं सांभाळली. यंत्र आवाज करतं तेव्हा बिघडलेलं असतं, आवाज नाही म्हणजे ठीक आहे. काढता येणारा बूट द्या, मी लहान मूल नाही.

मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. पट्टी बांधली होती, औषधं सुरू होती, आणि तरी एके सकाळी मी गॅलरीत आले तर पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून तात्या आरोग्यपथावर. हात मागे, ताठ. भोवती चार लोक. मी वरून काय ओरडले ते आठवत नाही, पण सेक्रेटरींनी नंतर ताईकडे तक्रार केली.

पुन्हा अंबरनाथ

जखम स्वच्छ झाली तेव्हा आम्ही तिघं रूपालीच्या दवाखान्यात गेलो. तात्यांनी आधीच बजावलं होतं, पट्टी बदलून घेईन, बाकी काही नाही. रूपाली वाद घालत बसली नाही. तिनं ड्रॉवरमधून एक दांडी काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा दोरा, मासे पकडायच्या गळाला असतो तसा. त्वचेवर टेकवून दाबला की तो वाकतो, एवढंच त्याचं काम.

"परीक्षा घेते," ती म्हणाली. "पास झालात तर प्लास्टर नाही."

तात्यांचे डोळे चमकले. तिनं आधी त्यांच्या हातावर दोरा टेकवून दाखवला, म्हणजे कसं वाटतं ते कळावं. मग त्यांना डोळे मिटायला लावले, पाय समोरच्या स्टुलावर घेतला आणि म्हणाली, "लागलं की हो म्हणा."

"हो," तात्या म्हणाले.

तिनं अजून हात उचलला नव्हता.

"लागलं?" तिनं विचारलं.

"हो."

दोरा तिच्या मांडीवर होता. ताईनं माझा हात धरला. रूपाली थोड्या थोड्या वेळानं विचारत राहिली आणि तात्या हजेरी दिल्यासारखे हो म्हणत राहिले. मधूनच स्वतःहून, "हे अंगठ्याला." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं. मला तिथे बसवेना, पण उठताही येईना.

मग रूपालीनं विचारणं बंद केलं. तिनं दोरा उचलला, जखमेपासून दूर, चांगल्या कातडीवर टेकवला आणि दाबला. तो कमानीसारखा वाकला. तात्या गप्प. तिनं जागा बदलली. बोटं, चवडा, टाच. तात्या चेहऱ्यावर हसू ठेवून पुढच्या प्रश्नाची वाट बघत होते.

"पप्पा, डोळे उघडा."

त्यांनी उघडले. दोरा त्यांच्या तळव्यावर वाकलेला होता. रूपालीनं तो उचलला, पुन्हा टेकवला, पुन्हा वाकवला. ते बघत होते. त्यांनी पुढे वाकून स्वतःच्या हातानं दांडी घेतली आणि स्वतःच दाबून पाहिलं. एकदा, मग दुसऱ्या पायावर. तिथेही तेच. माझा हा दणकट मेहुणा, ज्यानं कारखान्यात माणसांना दटावून दटावून त्यांची बोटं वाचवली, तो हातात दोरा धरून नुसता बसून राहिला.

"गेल्या थंडीत," ते म्हणाले, "तुझी आई पाय शेकायला पाणी देत होती. मी म्हणत होतो, अजून गरम कर. तिचा हात भाजला होता त्या पाण्यात. मी तिच्यावरच चिडलो."

रूपालीचे डोळे भरले होते, माझेही.

"घाल प्लास्टर," ते म्हणाले. "आणि नंतर मी काढ म्हणेन, ओरडेन, तुझ्या आईला त्रास देईन. ऐकू नकोस. पाय माझा आहे, पण त्याचं मला विचारू नकोस."

तिनं जखमेवर पट्टी बसवली, घोट्याभोवती आणि नडगीवर कापसाचे थर दिले, प्लास्टरच्या गुंडाळ्या पाण्यात बुडवल्या. पाय काटकोनात धरायला कुणीतरी लागतं. मी उठत होते, पण ताई आधी खाली बसली. पदर खोचून, फरशीवर. इतकी वर्षं सणावाराला ती या पायांवर डोकं ठेवत आली होती. आज तिनं दोन्ही तळहात त्यांच्या तळव्याला लावले आणि पाऊल वर धरलं.

"लागतंय का हो?" तिनं विचारलं.

तात्यांनी खाली तिच्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "पण धर."